समुद्र दूर, वादळ दारात

वर्गाच्या भिंतीवर भारताचा नकाशा असेल, तर त्यावर परभणी शोधा. आता पट्टी घ्या आणि परभणीपासून पश्चिम किनारा किती दूर आहे ते मोजा. सरळ रेषेत साधारण चारशे किलोमीटर भरतील. पूर्वेला आंध्र प्रदेशाच्या उत्तर टोकाला कलिंगपट्टणम नावाचे लहानसे गाव बंगालच्या उपसागराच्या काठी आहे. तिथपर्यंतचे अंतर पावणेआठशे किलोमीटरच्या घरात जाते. इतक्या आत, गोदावरीच्या खोऱ्यात, काळ्या रानात राहणाऱ्या माणसांनी चक्रीवादळाची काळजी का करावी? वादळ म्हणजे किनाऱ्यावरच्या लोकांचे दुखणे. होड्या त्यांच्या उलटतात, माड त्यांचे मोडतात. असेच आपल्याला वाटते, नाही का?

पण २०२१ च्या सप्टेंबर अखेरीस मराठवाड्यात जो पाऊस कोसळला, तो याच कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलेल्या एका चक्रीवादळाने आणला होता. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत पुराने वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. परभणी जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतही असेच घडले. वादळाच्या पायरीला न पोचलेले एक कमी दाबाचे क्षेत्र पुन्हा कलिंगपट्टणमजवळच जमिनीवर आले आणि त्याने आंध्र, तेलंगणापाठोपाठ परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांना झोडपले.

तेव्हा मित्रांनो, वादळ इतक्या लांब येते कसे, ते काय बिघडवते आणि ते गेल्यावर गाव पुन्हा स्वच्छ व उभे कसे करायचे, हे आज आपण पाहू.

वादळाचे इंजिन

अमेरिकेच्या किनाऱ्यावर ज्याला हरिकेन म्हणतात, चीन आणि जपानकडे ज्याला टायफून म्हणतात आणि आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात, ते सारे एकच. 'सायक्लोन' हा शब्द मात्र आपल्या देशात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ कलकत्त्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करीत. वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव सुचवले आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात ते रूढ केले.

वादळ म्हणजे एक प्रचंड उष्णता-इंजिन होय. त्याचे इंधन पाण्याची वाफ. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की भरपूर वाफ तयार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते पाणी सुमारे ५८० कॅलरी उष्णता पोटात घेते. शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला फक्त १०० कॅलरी लागतात, हे ध्यानात घ्या. म्हणजे वाफ केवढी शिदोरी घेऊन निघते ते कळेल. ही उष्णता थर्मामीटरवर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. वाफ वर जाते, थंड होते, तिचे ढग होतात आणि लपलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने भोवतालची हवा हलकी होऊन आणखी वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो. तो भरून काढायला चहूकडून वारे धावतात आणि येताना आणखी वाफ घेऊन येतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने हे वारे सरळ केंद्राकडे जात नाहीत. उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतात आणि केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागतात. झाले चक्र सुरू!

आता हे इंजिन जमिनीवर आले की काय होईल? इंधन तुटेल. खाली समुद्र नाही, म्हणून वाफेचा पुरवठा घटतो. शिवाय डोंगर, झाडे, घरे यांना घासून वाऱ्याचा वेग मंदावतो. म्हणून किनाऱ्यावरून शे-दोनशे किलोमीटर आत येईपर्यंत बहुतेक वादळांची रग जिरते.

रग जिरते ती वाऱ्याची. पावसाची जिरतेच असे नाही, आणि आपली खरी गोष्ट इथून सुरू होते.

'गुलाब' आले कसे, गेले कुठे

२६ सप्टेंबर २०२१ रोजी संध्याकाळी 'गुलाब' हे चक्रीवादळ कलिंगपट्टणमच्या सुमारे २० किलोमीटर उत्तरेला किनारा ओलांडून आत आले. वाऱ्याचा वेग होता ताशी ७५ ते ८५ किलोमीटर. चक्रीवादळांच्या मानाने हा वेग बेताचाच. हिंदी महासागराच्या उत्तर भागातील वादळांची नावे १३ देश मिळून आधीच सुचवून ठेवतात; 'गुलाब' हे पाकिस्तानने सुचवलेले.

दुसऱ्या दिवशी वादळ तेलंगणावर आले, तोवर वारा ओसरून त्याचे नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरले होते. २८ तारखेच्या सकाळी ते मराठवाडा आणि पश्चिम विदर्भावर होते. गणित करून पाहा. सुमारे पावणेआठशे किलोमीटर अंतर, वेळ साधारण ३६-३७ तास. म्हणजे वेग ताशी २१ किलोमीटर. जोरात पायडल मारणारा सायकलस्वार याच वेगाने जातो! वादळाच्या पोटातले वारे झपाट्याने गरगरत असले, तरी अख्खे वादळ मात्र असे सावकाश सरकत असते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

वारा मरून गेल्यावरही पाऊस का टिकला? एक तर सप्टेंबरात जमीन पावसाळ्याने भिजलेली असते, नद्या-नाले-तलाव भरलेले असतात. तिथूनही थोडीफार वाफ मिळत राहते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे मोसमी वारे अजून वाहत असतात. कमी दाबाचे ते क्षेत्र आसपासची दमट हवा, अरबी समुद्राकडचीसुद्धा, आपल्याकडे ओढून घेते. ती हवा वर चढते आणि पाणी सोडते. आणि चाल सावकाश असल्यामुळे एकेका गावावर तासन्‌तास पाऊस पडत राहतो.

पुढची गंमत ऐका. २९ तारखेला हे क्षेत्र दक्षिण गुजरातवरून खंबातच्या आखाताकडे सरकले. पुन्हा खाली उबदार समुद्र आला, इंजिनाला इंधन मिळाले, आणि १ ऑक्टोबरला त्याचे अरबी समुद्रात नवे चक्रीवादळ झाले. त्याचे नाव 'शाहीन', म्हणजे ससाणा. हे कतारने सुचवलेले. ३ ऑक्टोबरच्या रात्री ते ओमानच्या किनाऱ्यावर आदळले. तिथल्या अल खबूरा गावी ३६९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ज्या वाळवंटी मुलखात वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे! मराठवाड्याला भिजवून गेलेल्या अवशेषातून असे पुन्हा वादळ उभे राहिले.

किती पाणी?

महसूल खाते एखाद्या मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरते. ६५ मिलिमीटर म्हणजे तुमच्या बोटाएवढी उंची. यात घाबरण्यासारखे काय?

आपण सोपा आकडा घेऊ: १०० मिलिमीटर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ०.१ मीटर पाणी म्हणजे १,००० घनमीटर, म्हणजेच १० लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका हेक्टरवर रिकामे केल्यासारखे! परभणी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर आहे. सगळ्या जिल्ह्यावर १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर पाणी होते ६२ कोटी घनमीटर. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. ते काठोकाठ भरले की त्यात सुमारे ९३ कोटी घनमीटर पाणी मावते. म्हणजे एका दिवसाच्या अशा पावसाने त्या अवाढव्य धरणाचा दोन तृतीयांश भाग भरेल!

सप्टेंबरअखेर धरणे आधीच भरत आलेली असतात. आलेले पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नसते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून जाणारी गोदावरी तुडुंब भरते. मग तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे पाणी नदीत शिरत नाही, उलट मागे फुगते आणि दोन्ही काठांच्या रानात पसरते. म्हणून नदीपासून लांब असलेल्या शेतातही पाणी चढते.

किनाऱ्यावर मीठ, पठारावर चिखल

किनाऱ्यावरचे नुकसान वेगळे असते. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले आणि नारळ-सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पडलेले पोफळीचे झाड करवतीने कापून वाट मोकळी करायला तास-दोन तास पुरतात, पण नव्या झाडाला सुपारी लागायला पाच-सात वर्षे जावी लागतात. बंगालच्या सुंदरबनात २५ मे २००९ रोजी 'आयला' वादळाने बांध फोडले आणि समुद्राचे पाणी शेतांत शिरले. ते पाणी ओसरले, पण मीठ मागे राहिले. खारट मातीतून पिकाच्या मुळांना पाणी ओढता येत नाही. पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघेपर्यंत तिथल्या शेतकऱ्यांना काही वर्षे वाट पाहावी लागली.

परभणीच्या रानात मीठही येत नाही आणि पत्रे उडवणारा तसला वाराही नाही. इथे येते ते गोडे पाणी आणि त्याबरोबर चिखल. मग ते आले तसे जाईल, असे वाटते. पण इथे गाठ आहे काळ्या मातीशी.

काळ्या मातीचा श्वास

ही माती बेसाल्ट खडक झिजून बनली आहे. तिच्यात चिकणमातीचे अत्यंत बारीक, पापुद्र्यांसारखे कण असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पडणाऱ्या रुंद भेगा पावसाळ्यात मिटतात त्या यामुळेच. एकदा का माती पुरती फुगली, की तिच्यातल्या बारीक पोकळ्या बंद होतात आणि वरचे पाणी खाली जाईनासे होते. शेतकरी म्हणतात, रान चिबडले.

झाडाची मुळेही श्वास घेतात, हे तुम्ही शिकला आहात. मातीच्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळांना मिळतो. पोकळ्यांत पाणी भरले, की ऑक्सिजनची वाट अडते. कारण पाण्यातून ऑक्सिजनचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश होतो. एक-दोन दिवसांतच मुळे गुदमरू लागतात. गंमत अशी, की पायाशी पाणी असून झाड सुकते! गुदमरलेल्या मुळांना पाणी शोषण्याचे बळच उरत नाही. कपाशी उभ्या-उभ्या माना टाकते ती यामुळे.

हे स्वतः करून पाहा. दोन सारखे डबे घ्या. एकाच्या बुडाला भोके पाडा, दुसऱ्याला पाडू नका. दोन्हींत काळी माती भरून मूग किंवा सोयाबीन लावा. रोपे वीतभर झाली की दोन्ही डब्यांना रोज भरपूर पाणी घाला. बिनभोकाच्या डब्यात पाणी मातीच्या वर उभे राहू द्या. आठ-दहा दिवस रोज पानांचा रंग वहीत लिहा. शेवटी रोपे उपटून मुळे धुवा आणि दोन्ही डब्यांतल्या मुळांचा रंग व वास यांची तुलना करा.

सोयाबीनचे दुःख आणखी निराळे. सप्टेंबर संपता-संपता शेंगा वाळलेल्या असतात आणि आतले दाणे बियाणे म्हणून तयार असतात. बीज रुजायला काय लागते? ओल, ऊब आणि हवा. तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला, की शेंगेतच दाण्यांना कोंब फुटतात. चार महिन्यांचे पीक असे काढणीच्या तोंडावर हातचे जाते.

पाणी ओसरल्यावर

आता साफसफाईकडे वळू. साफसफाई म्हटले की झाडू आणि टोपली डोळ्यांपुढे येते. पण पुरानंतरच्या कामांना एक क्रम असतो. तो चुकला, तर कष्ट वाया जातात आणि कधी जिवावरही बेतते.

सर्वांत आधी वीज. पाण्यात बुडालेली मोटार, स्टार्टर, घरातले बटण यांना हात लावायचा नाही. वायरमनने पाहून हिरवा कंदील दाखवल्यावरच वीज सुरू करायची. मग साप-विंचू. बिळात पाणी शिरल्याने ते कोरड्या जागी, म्हणजे नेमके घरात, कडब्याच्या गंजीत, पोत्यांच्या थप्पीत आसरा घेतात. काठीने आवाज करून, पायात बूट घालूनच सामान हलवावे. मेलेली जनावरे विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी लागतात. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर ती झाकून घ्यावी. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. भिजून बुरसलेले धान्य वाळवले तरी त्यातले बुरशीचे विष जात नाही. ते माणसांनी खाऊ नये आणि गुरांनाही घालू नये.

नंतर शेत. पहिले काम पाणी बाहेर काढण्याचे. उताराच्या दिशेने चर खणून साचलेल्या पाण्याला वाट करून द्यायची. इथे एक मोह आवरावा लागतो. नुकसान पाहून माणूस लगेच ट्रॅक्टर घालून रान साफ करायला निघतो. ओली काळी माती चाकाखाली दाबली गेली, की तिच्यातल्या उरल्यासुरल्या पोकळ्याही चेपतात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळे होतात. म्हणून वाट पाहायची वाफशाची. वाफसा हा आपल्या शेतकऱ्यांचा किती नेमका शब्द आहे पाहा! मातीत ओल आहे पण चिखल नाही, मूठभर माती दाबली तर लाडू होतो पण बोटाने टोचला तर फुटतो, अशी स्थिती म्हणजे वाफसा. विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर बारीक पोकळ्यांत पाणी आणि मोठ्या पोकळ्यांत हवा, असा समतोल.

पण फार वाट पाहूनही चालत नाही. रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा यांच्या पेरणीचा हंगाम ऑक्टोबरात येऊन ठेपलेला असतो. खरीप गेला, आता रब्बीही हुकला तर वर्ष गेले. म्हणून पुरानंतरचे ते तीन-चार आठवडे शेतकऱ्याला सोन्याच्या मोलाचे असतात.

शेतात पसरलेल्या गाळाचेही प्रकार असतात. बारीक पोयट्याचा बोटभर थर बसला असेल तर तो नांगरटीत मिसळून जातो. वाळू आणि गोटे आले असतील तर ते मात्र उचलून काढावे लागतात. आणि जिथे प्रवाहाने मातीच खरडून नेली, तिथली हानी सर्वांत मोठी. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर तेरा टनांच्या आसपास माती जाते. निसर्गाला एक सेंटिमीटर माती घडवायला शेकडो वर्षे लागतात. अशा रानात तलावातला गाळ आणून टाकणे हा एक उपाय आहे. पाण्याने नेलेली माती शेवटी तलावातच बसलेली असते ना! 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या २०१७ साली सुरू झालेल्या शासकीय योजनेमागे हाच विचार आहे.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे? परभणीचे कृषी विद्यापीठ, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेले आणि आता वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरण्याचा आग्रह धरते. पीक वरंब्यावर उंच राहते, जादा पाणी सरीतून निघून जाते. पाऊस कमी झाला तर हीच सरी ओल धरून ठेवते. अर्थात साऱ्या शिवारावरून पूर वाहू लागला तर वरंबेही बुडणारच.

विहीर आधी, बाकी नंतर

या सगळ्यात एक काम असे आहे, की जे एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. ते म्हणजे पिण्याचे पाणी. पुराच्या पाण्यात उकिरडा, गोठा, शौचालयाचे खड्डे या सर्वांतली घाण मिसळते आणि ते पाणी विहिरीत उतरते. कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण यांची साथ पुरानंतर पसरते ती याच वाटेने. पुरातून सुखरूप वाचलेले माणूस आठ दिवसांनी एक पेला पाण्याने दगावावे, याहून वाईट ते काय!

इथे आणखी एक प्रयोग करा. काचेच्या तीन बरण्या घ्या. पहिलीत पाणी आणि मूठभर वाळू, दुसरीत पाणी आणि मूठभर काळी माती, तिसरीतही पाणी आणि काळी माती घाला. तिन्ही ढवळा. तिसरीत तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा आणि तिन्ही बरण्या स्थिर ठेवा. वाळू काही सेकंदांत तळाला बसेल. दुसरी बरणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. मातीचा दोन मायक्रॉन व्यासाचा कण पाण्यात दहा सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो. त्याहून बारीक कणांना दिवस लागतात. या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीतील ॲल्युमिनियमचे धनभारित आयन हा भार नाहीसा करतात. मग कणांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन खाली बसतात. तिसरी बरणी लवकर नितळते ती यामुळे.

पण सावधान! नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. तुरटीने गढूळपणा जातो, सगळे जंतू मरत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी उकळावे किंवा क्लोरीन वापरावे लागते. आधी नितळवणे आणि मग क्लोरीन हा क्रम मात्र बरोबर, कारण पाण्यात घाण असेल तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो.

विहिरीचे गणित असे. पूर चढलेली विहीर आधी उपसून गाळ काढावा लागतो. हे काम मोठ्या माणसांचे. डिझेल इंजिन विहिरीच्या आत ठेवून कधीही चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तळाशी साठून माणसांचा प्राण घेतो. नवे पाणी आले की ते मोजायचे. समजा, गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर आहे. त्रिज्या २ मीटर. घनफळ = ३.१४ × २ × २ × ५ = ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. म्हणून ६२.८ × २.५ = १५७ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर अधिक लागते. किती, ते आरोग्य कर्मचारी तपासून ठरवतात.

ही पावडर सरळ विहिरीत फेकायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, वर पाणी घालून ढवळायची. पाच-दहा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, ती बादली विहिरीत सोडून, वर-खाली हलवून मिसळायचे. मग निदान एक तास पाणी शेंदायचे नाही. जंतू मरायला क्लोरीनला वेळ लागतो. शेवटी ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे गावात ज्याला ओ. टी. म्हणतात ती, चाचणी. नमुन्याचे पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर दिलेली मात्रा घाणीतच संपली. पुन्हा द्यायला हवी. आणि पावडर जुनी, डबा उघडा राहिलेला असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, हेही विसरू नका.

छत्तीस तासांत काय होते?

आता तो सायकलचा वेग आठवा. वादळ कलिंगपट्टणमला चढल्यापासून आपल्यापर्यंत यायला सुमारे ३६ तास लागले. म्हणजे दीड दिवस हाताशी होता. हवामान खात्याचे उपग्रह आणि रडार समुद्रात वादळ घडत असतानाच ते पाहतात, तेव्हा प्रत्यक्षात अवधी याहूनही जास्त मिळतो. सूचना वेळेवर मिळाली आणि लोकांनी ती मानली तर काय फरक पडतो, हे ओडिशाने दाखवले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले होते. मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला.

परभणीतल्या एखाद्या गावाला या दीड दिवसात काय करता येईल? कापून ठेवलेल्या सोयाबीनची सुडी उंचवट्यावर घेऊन ताडपत्रीने झाकता येईल. नदीकाठची मोटार वर काढता येईल. जनावरांची दावी सोडून त्यांना गावठाणात आणता येईल. पिण्याचे पाणी भरून, झाकून ठेवता येईल.

आणि तुमच्या शाळेला? शाळेचे काम तर वादळाच्या कितीतरी आधी सुरू होते. सरळ बाजूंची एक बरणी मोकळ्या जागेत ठेवून रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाऊस मोजा. गावात पूर कुठवर चढला होता ते वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवर, झाडावर तारखेसह खुणा करा. गुरुजींच्या मदतीने गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या सर्व विहिरींची एक वही करा. प्रत्येक विहिरीचा व्यास, काठापासून तळापर्यंतची खोली आणि दर फूटभर पाण्यामागे लागणारी ब्लीचिंग पावडर त्यात लिहून ठेवा. सुरक्षित कठडा असलेल्या विहिरीच, मोठ्यांना बरोबर घेऊनच मोजायच्या, बरे का! वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. पूर ओसरल्यावर गडबडीच्या वेळी कोणाला π आठवत बसायला लागू नये.

सुरुवातीला वर काढलेले उदाहरण पुन्हा करून पाहा: तीच ४ मीटर व्यासाची विहीर, पण पावसाने पाणी वाढून खोली ८ मीटर झाली. आता पावडर किती लागेल? उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि मग आपल्या गावच्या विहिरीकडे वळा.